सेल्फ मारण्याआधी

पंधरा-वीस वर्षं एका जागी उभी राहिलेली जुनी स्पोर्ट्स कार ताब्यात आली की हात पहिल्यांदा जातो बॅटरीकडे. नवी बॅटरी जोडायची, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल ओतायचं, चोक ओढायचा आणि सेल्फ मारायचा. इंजीन दोनदा फुरफुरलं की टाळ्या आणि लगेच फोटो. पण कामाचा हा क्रम उलटा आहे आणि बहुतेक वेळा तो महागात पडतो. इंजीन चालू करणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल. त्याआधी गाडी जॅकवर तोलली जाईल का, ती थांबवता येते का आणि तिच्या अंगातलं पेट्रोल-तेल बदललं का, हे प्रश्न सुटलेले हवेत. रोज धावणारी गाडी झिजते ती धातूत, म्हणजे बेअरिंगांत, पिस्टनच्या रिंगांत, गिअरच्या दात्यांत. उभी गाडी तिथे झिजत नाही. ती बिघडते रबरात, द्रवात आणि पत्र्यात. म्हणून धावत्या गाडीचा मिस्त्री आधी जिथे कान लावतो, तिथे उभ्या गाडीत बहुधा सगळ्यात कमी बिघाड असतो. जिथे तो सहसा वळूनही पाहत नाही, तिथे खरा धोका दडलेला असतो.

बोलायला एक नेमकी गाडी हवी म्हणून एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनली. उघडी रोडस्टर आणि छताची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे आजही तिचे बहुतेक सुटे भाग नवे मिळतात. मूळ साचे वापरून तिचा अख्खा सांगाडासुद्धा १९८८पासून ब्रिटनमध्ये पुन्हा तयार होऊ लागला. आपल्याकडच्या वाचकाला या गाडीशी ओळख करून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. तिचं १७९८ सीसीचं इंजीन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ कुळातलं, आणि आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं धडधडलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजीन हे त्याच कुळातलं धाकटं भावंड. सगळे भाग एकमेकांना बसत नाहीत, पण रचना तीच आहे. ज्या मिस्त्रीनं ॲम्बॅसडरचे टॅपेट आयुष्यभर लावले, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडून बुजायला होणार नाही. इंजिनासाठी परदेशी तज्ज्ञच हवा, हा समज त्यामुळे बाजूला ठेवता येतो.

पहिली तपासणी गाडीखाली झोपून करायची, आणि त्यातच पहिला सापळा आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा डबाच सगळं वजन पेलतो, आणि त्या डब्याची खरी ताकद दारांखालून जाणाऱ्या पोकळ सिलमध्ये असते. रोडस्टरला छत नसल्यामुळे तर सगळी भिस्त तिथेच. ओल या सिलमध्ये आतून बसते आणि पत्रा आतून खात जाते. बाहेर रंगाची चकाकी शाबूत राहते. अशा गाडीला बाजूच्या जॅक पॉइंटवर उचललं तर पत्रा चुरगळून जॅक आत घुसू शकतो आणि खाली माणूस असेल तर अनर्थ होतो. म्हणून आधी पेचकसाच्या मुठीनं सिल आणि फ्लोअर ठोकत जा. टणक आवाज हवा, भद्द नको. दार लावून दाराखालची फट पाहा आणि मग गाडी थोडी उचलून पुन्हा पाहा. फट बदलत असेल, दार अडकत असेल, तर कंबर खचली आहे. पुढचा सगळा खर्च वेल्डिंगच्या हिशेबाला जोडूनच मांडायला हवा. कोकणच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीबाबत इथे जरा जास्तच संशयी राहावं. सांगाडा धड असेल तर गाडी चार मजबूत स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

आता ब्रेक. इथे जास्त वेळ थांबायला हवं, कारण उभ्या गाडीत सगळ्यात फसवं काही असेल तर ते हे. साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं तेल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. पण उभ्या गाडीत उकळण्यापेक्षा गंज मोठा. पाणी मास्टर सिलिंडरच्या आणि मागच्या चाकांतल्या व्हील सिलिंडरच्या बोअरला डाग पाडतं. जोवर पॅडल कुणी दाबत नाही तोवर आतला रबरी वॉशर आपल्या जुन्या जागी पडून असतो आणि सगळं ठीक वाटतं. पहिल्यांदा पॅडल खोल दाबलं की तो वॉशर गंजलेल्या भागावरून घासत जातो आणि फाटतो. म्हणजे तपासण्यासाठी मारलेला ब्रेकच ब्रेक मोडतो. त्यात सुरुवातीच्या एमजीबींमध्ये ब्रेकचं सर्किट एकच आहे. कुठेही एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो आणि उरतो फक्त हँडब्रेक, ज्याची केबलही इतक्या वर्षांत बहुधा जाम झालेली असते.

रबरी होज पाइपांचा खेळ आणखी वेगळा. ते बाहेरून चांगले दिसतात, आतून फुगलेले असतात. पायाच्या जोरानं तेल चाकाकडे जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. चाक धरलेलं राहतं, डिस्क तापते, आणि मिस्त्री कॅलिपर खोलून बसतो. म्हणून जुन्या होज पाइपांची परीक्षा घेण्यात वेळ घालवू नये. ते सरसकट बदलावेत. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या घ्याव्यात. मास्टर सिलिंडर आणि मागचे व्हील सिलिंडर नवेच बसवावेत, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन काढून पाहावेत आणि सगळी लाइन नव्या तेलानं भरावी. क्लचही याच तत्त्वावर चालतो, तेव्हा त्याचे दोन सिलिंडर त्याच फेरीत उरकावेत. सिलिकॉनचं डॉट ५ तेल पाणी शोषत नाही म्हणून उभ्या गाड्यांसाठी त्याची शिफारस केली जाते. त्यात तथ्य आहे, पण ते साध्या तेलात मिसळता कामा नये, आणि कुठल्या तरी गॅरेजात पुढे कुणी वरून साधं तेल ओतणार नाही याची खात्री कोण देणार? भारतात तरी डॉट ४ भरून ते दर दोन वर्षांनी बदलणं शहाणपणाचं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वाजवी आहे. इंजीनच बाद असेल तर ब्रेकवर आधी पैसे का घालायचे? आधी सुरू करून पाहू, मग ठरवू. पण इंजीन बाद आहे की नाही हे कळायला ते सुरू करावं लागत नाही. चारही प्लग काढा, कोणता कुठला ते लिहून ठेवा आणि त्यांची टोकं पाहा. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक-दोन चमचे पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस काहीही करू नका. मग चौथा गिअर टाकून गाडी हलकेच पुढे-मागे ढकला, किंवा क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजीन फिरवा. फिरलं तर उत्तम. अडलं तर ताकद लावू नका. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून ते सिलिंडरमध्ये भरा आणि आठवडाभर वाट पाहा, लागल्यास आणखी एक आठवडा. ॲसिटोन पेट्रोलासारखंच पेट घेतं, तेव्हा हे काम मोकळ्या हवेत करायचं. गंजानं चिकटलेली रिंग धीरानं सुटते, लांब पाइप लावून जोर केला तर तुटते.

इंजीन हातानं फिरायला लागलं की रॉकर कव्हर काढून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. सगळे सिलिंडर एकाच टप्प्यावर थांबलेले नसतात. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडा राहिला, तिथे ओल आत शिरते आणि व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये धरली जाते. पाना फिरवत असताना आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन पुन्हा वर येतात का, ते एकेक करून पाहा. एखादा खालीच राहत असेल तर थांबा आणि त्याला तेल पाजा. सेल्फनं फिरवलं असतं तर तिथे पुशरॉड वाकला असता, कदाचित पिस्टन व्हॉल्व्हवर आपटला असता. मग जुनं इंजीन ऑइल आणि फिल्टर काढून नवं घाला. या इंजिनाला २० डब्ल्यू ५० प्रतीचं, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं खनिज तेल मानवतं; कॅम आणि टॅपेट इथे एकमेकांवर घासत चालतात आणि आधुनिक गाड्यांसाठीच्या पातळ तेलांत ते जस्त कमी असतं. आता प्लग बाहेर ठेवून, कॉइलची तार काढून, सेल्फ थोडा थोडा फिरवा. एमजीबीच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं खरं मीटर आहे, नुसता दिवा नाही. त्याचा काटा हलेपर्यंत फिरवत राहा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको. काटा उठला की कम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती, हे महत्त्वाचं. तीन सारखे आणि एक फारच कमी आला तर तिथे दोष आहे. चारही थोडे कमी असतील तर घाबरू नका, कोरड्या रिंगा चालल्यावर पुष्कळदा सुधारतात. म्हणजे ठिणगीचा एक अंश न पाडता इंजीन जगेल की नाही ते समजलं, आणि आक्षेप घेणाऱ्याला त्याचं उत्तर मिळालं.

दुसरा आक्षेप जुन्या गॅरेजांतला. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढा, क्लच सोडा, आपोआप चालू होईल. रोज वापरातल्या, बॅटरी बसलेल्या गाडीला हे ठीक आहे. वीस वर्षं उभ्या गाडीत बेअरिंगांवर तेलाचा थर उरलेला नसतो आणि ओढून सुरू केलेलं इंजीन पहिल्याच क्षणी जोरात फिरतं, म्हणजे धातू धातूवर घासतो. शिवाय बहुतेकदा क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. अशी गाडी एकदा धावायला लागली की क्लच दाबून सोडवता येत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे ब्रेकचाही भरवसा नाही. चिकटलेला क्लच सोडवायचा तर इंजीन बंद ठेवून, वरचा गिअर टाकून, क्लचचं पॅडल लाकडाच्या ठोकळ्यानं रात्रभर दाबून ठेवावं आणि सकाळी गाडी हातानं पुढे-मागे हलवावी. तेवढ्यानं पुष्कळ वेळा काम होतं.

इंधनाबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. नव्यात मिसळून संपवू, हा हिशेब चुकीचा. जुनं पेट्रोल उडून मागे चिकट लाखेसारखा थर ठेवतं आणि तो पंप, फ्लोट चेंबर आणि जेट बुजवतो. हे काम उघड्यावर, बल्ब-विडी-मोबाइल दूर ठेवून आणि आग विझवण्याचं नळकांडं हाताशी ठेवूनच करावं. टाकीच्या तळाला गंजाचा चुरा दिसला तर नवी टाकी घेणं हे साफ करत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. रबरी नळ्या सगळ्या बदला, आणि बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्याच मागा. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि एमजीबीच्या काळचं रबर दोहोंसाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, तेव्हा पुढे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवताना अर्धी टाकी भरून सोडू नये. मागच्या बाजूचा एसयू कंपनीचा विजेवरचा पंप किल्ली फिरवली की टिकटिक करतो. टिकटिक नाही आली तर बहुधा त्याचे पॉइंट काळवंडलेले असतात. हलकी टिचकी मारली की तो जागा होतो, पण तो इशारा समजून पंप दुरुस्त करावा. दोन एसयू कार्बोरेटर भीतिदायक दिसतात, प्रत्यक्षात फार साधे आहेत. पिस्टन बोटानं उचलून सोडा. खट्‌ आवाज करत खाली पडला पाहिजे. वरच्या डॅशपॉटमध्ये थोडं इंजीन ऑइल घाला. जाता जाता सांगायला हरकत नाही, की हे कार्बोरेटर ज्या स्किनर बंधूंनी बनवले त्यांचं घराणं चामड्याच्या बुटांच्या व्यापारातलं, आणि पहिल्या एसयूमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता.

विजेच्या बाबतीत, तिचे भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीवरचे विनोद जुन्या गाडीवाल्यांत पुष्कळ चालतात. त्यांतले निम्मे अन्यायाचे आहेत. दोष बहुतेकदा तारांच्या जोडांवर चढलेल्या हिरव्या बुरशीत आणि बॉडीला नीट न टेकलेल्या अर्थमध्ये असतो, आणि आपल्याकडे उंदरांच्या दातांत. एक गोष्ट मात्र जपायची. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, त्यानंतर ऋण. मधल्या काळात कुणी बदल केलेला असू शकतो, म्हणून आधी तार शोधून पाहा, सवयीनं काळी तार बॉडीला लावू नका. १९७४पर्यंतच्या गाड्यांत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्या आम्लानं खालचे कप्पे सडलेले असतात, तेही याच वेळी पाहून घ्या. उंदरांचं घर एअर फिल्टरमध्ये, हीटरच्या पेटीत आणि सायलेन्सरमध्येही असतं.

आता, आणि आताच, इंजीन सुरू करायचं. टाकीऐवजी बाहेर टांगलेल्या छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल द्या, म्हणजे दोष दिसला तर ते तोडायला सोपं जातं. नवे प्लग ०.०२५ इंच फटीवर, पॉइंट ०.०१५ इंचावर, टॅपेटही ०.०१५ इंचावर. ठिणगीचा क्रम १-३-४-२. रेडिएटरमध्ये नवं पाणी आणि कूलंट. ब्लॉकच्या मागच्या बाजूच्या ड्रेन टॅपमधून आधी गाळ काढलेला बरा, नाहीतर मागचे सिलिंडर तापतात. इंजीन सुरू झालं की डोळे ऑइलच्या काट्यावर ठेवा. काही सेकंदांत तो वर नाही आला तर लगेच बंद. सुरुवातीचा निळसर धूर चालेल, सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल जळत असतं. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा.

काही मालक म्हणतात की इतकं बदलायचं तर गाडी मूळची कुठे राहिली? पत्रा, इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड, सीटचं चामडं, कार्बोरेटर, यांना हात लावताना दहादा विचार करावा हे मान्य. क्रोमची जुनी खरचट जपली तरी चालेल. पण वॉशर, होज, बेल्ट आणि टायर हे कारखान्यानंही बदलायचे म्हणूनच बसवले होते. त्यांत वारसा शोधण्यात अर्थ नाही. टायरचे कट पूर्ण शिल्लक असले तरी त्यांचं वय पाहावं. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा आहे आणि त्यावर गाडी गल्लीबाहेरही नेऊ नये. ‘महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालू ठेवत होतो’ हा मालकाचा दाखलाही फारसा कामाचा नाही. दहा मिनिटांत तेल पुरतं तापत नाही, तयार झालेलं पाणी आतच राहतं आणि तेल आंबट होत जातं. पूर्ण विसावलेली गाडी त्या मानानं बरी.

रस्त्यावर येण्याआधी कागद पाहून घ्या. भारतात जुलै २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाड्यांची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. ज्यांची एमजीबी ब्रिटनमध्ये आहे त्यांना ४० वर्षांनंतर वार्षिक एमओटी तपासणीतून आणि रस्ता करातून सूट मिळू शकते, पण गाडी धोकादायक नसल्याची जबाबदारी मालकाचीच राहते. पहिली फेरी रिकाम्या मैदानात, वीसच्या वेगानं, फक्त ब्रेक आजमावण्यासाठी. गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा आणि थांबल्यावर चारही चाकांना हात लावा. एखादं इतरांहून गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाही. गिअरबॉक्समध्ये कुणी सवयीनं घट्ट गिअर ऑइल भरलं असेल तर ते काढा. एमजीबीच्या गिअरबॉक्सला इंजिनाचंच २० डब्ल्यू ५० लागतं, घट्ट तेल फक्त मागच्या डिफरन्शिअलला. सुमारे दीडशे किलोमीटर झाले की इंजीन ऑइल गरम असतानाच पुन्हा काढा आणि फिल्टर कापून उघडा. त्याच्या कागदाच्या घड्यांत बारीक काळा गाळ असेल तर तो वीस वर्षांचा आहे, जाऊ द्या. चमकणारे कण दिसले तर सम्प उतरवून बेअरिंग पाहायची वेळ आली.